नाव घेतलं नव्हतं

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बस सुटली. तेरा आणि चौदा नंबरच्या जागा रिकाम्या होत्या. कंडक्टरने यादीवर दोन फुल्या मारल्या आणि दार ओढून घेतलं.

फलाटावर शिवणाच्या ताई उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. पिशवीत एका सहा वर्षांच्या मुलीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि एक नवा फ्रॉक. फ्रॉकला काजं केलेली होती, बटणं लावायची राहिली होती. ती कागदाच्या पुडीत बांधून फ्रॉकच्याच खिशात टाकलेली होती, बसमध्ये वेळ जाईल म्हणून. ताई पावणेसहाला आल्या होत्या. बस गेल्यावरही अर्धा तास त्या तिथेच थांबल्या. मग घरी न जाता सरळ हॉलवर गेल्या, शिवणवर्गाचं कपाट उघडलं आणि पिशवी होती त्याच खणात परत ठेवली.

हॉल ख्रिस्ती मंडळीचा. खाली टायरचं दुकान, वर जिना चढून गेलं की हॉल. रविवारी सकाळी उपासना, बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा, आणि आठवड्यातले चार दिवस दुपारी दोन ते पाच शिवणवर्ग. त्या वेळी बाकं भिंतीला लावायची, सात मशिनी पुढे ओढायच्या. मागच्या पंधरा वर्षांत कारखाने वाढले तशी या गल्लीत कुठून कुठून माणसं आली, आणि आता जिन्यापासून नाक्यापर्यंत चालत गेलं तर पाच भाषा कानावर पडतात. दारावरच्या पाटीवर ‘सर्वांचे स्वागत आहे’ हे वाक्य पाच लिप्यांत लिहिलेलं आहे. पाचवी ओळ लिहीपर्यंत पाटी संपत आली, म्हणून ती बारीक अक्षरांत आहे.

या मंडळीची एक रीत आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. बुधवारी ज्याला जे दुःख असेल ते त्याने उभं राहून सांगायचं. मग उरलेल्या चार भाषांचे चार दुभाषे उठतात आणि तेच दुःख एकेक करून आपल्या माणसांना सांगतात. मग सगळे डोळे मिटून, आपापल्या भाषेत, एकाच वेळी प्रार्थना करतात. पाहुणे आले की त्यांना मुद्दाम बुधवारी आणतात. नियम एकच आहे, तो पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, अकरा वर्षांपूर्वी केला. नाव घ्यायचं नाही. ‘एक बंधू’ म्हणायचं, ‘एक भगिनी’ म्हणायचं.

शिवणवर्गात अकरा बायका होत्या. त्यांतली मंडळीतली एकही नव्हती. वर्ग सुरू करताना ताई दोन मिनिटं प्रार्थना करायच्या आणि बायका अदबीने मान खाली घालून बसायच्या. त्यांच्यात वयाने मोठी, अंगाने आडवी, तिला सगळ्या थोरली म्हणायच्या. ती एकदा म्हणाली, “ताई, तुमची प्रार्थना होईस्तोवर माझी सुई ओवून होते. देवाची कृपा नाही कशी म्हणू?” ताईही हसल्या होत्या.

त्यांच्यातल्या एकीचं काजवाली हे नाव ताईंनीच ठेवलेलं. गणवेशाच्या दुकानातून शर्टांचे गठ्ठे यायचे आणि काजं तिच्याकडे जायची. तिचं काज उसवत नसे. कापड फाटेल, काज राहील. ती पाचव्या भाषेची. नवरा वेल्डर, एक मुलगी. वर्गात लहान मुलगी असलेली ती एकटीच. बाकीच्यांना मुलगे होते नाहीतर लेकी लग्नाच्या झाल्या होत्या.

महिन्यापूर्वी ती उजव्या हाताची दोन बोटं बांधून आली.

“काय झालं गं?” ताईंनी विचारलं.

“दार लागलं.”

थोरली मशीन न थांबवता म्हणाली, “तुझ्या घरचं दार हुशार आहे बाई. बरोबर बोटं बघून लागतं. आमचं मेलं वाऱ्यानंसुद्धा हलत नाही.”

कुणी हसलं नाही. पंधरा दिवसांत काजवाली डाव्या हाताने काजं करायला शिकली. गठ्ठा एकदाही परत आला नाही.

मंगळवारी पावणेपाचला बाकीच्या उतरून गेल्या तरी ती मशीनला तेल घालत बसली. गरज नसताना दुसऱ्यांदा घालत होती.

“ताई, शुक्रवारी सकाळच्या बसने जाते. मावशीकडे. पोरीला घेऊन.”

“परत?”

“परत नाही.” तिने तेलाची बाटली खाली ठेवली. “तो पोरीला त्याच्या आईकडे पाठवतोय. रविवारी थोरला दीर न्यायला येणार. मला घेऊन जा म्हटलं तर म्हणतो, तुझं तिकडे काय काम? ताई, एकदा ती तिकडे गेली ना, की मला तोंडसुद्धा बघू देणार नाहीत.”

“कागद घेतलेस?”

काजवालीने बाकाखालून कापडी पिशवी काढली. “आज शाळेतून दाखला काढला. आईची सही चालते म्हणाले, आणि गुरुवारपर्यंत पोरीला वर्गात बसू देतील. घरी ठेवले तर सापडतील. तो माझ्या उशीची खोळसुद्धा उलटी करतो. तुम्ही ठेवा, आणि शुक्रवारी फलाटावर आणून द्या. पावणेसहाला.”

“देते. काळजी करू नकोस. मी प्रार्थना करीन.”

काजवालीने मशीनवर झाकण घातलं. “तुमच्या देवाला सांगा हवं तर,” ती म्हणाली. “माणसांना नका सांगू.”

“वेडी आहेस का? माझ्या तोंडून तुझं नाव निघायचं नाही.”

ते निघालंही नाही.

बुधवारी सभेला त्रेचाळीस माणसं होती. एवढ्या वर्षांच्या सवयीने पाळकांनी शेवटी विचारलं, “शिवणवर्गाकडून काही?” हा प्रश्न चार वर्षं दर बुधवारी विचारला जात होता आणि चार वर्षं ताई मान हलवून नाही म्हणत होत्या. महिन्यापूर्वी कार्यकारिणीत एकाने तोंडावर विचारलं होतं, की आपण सुवार्ता सांगतोय की शिंपी तयार करतोय? पाळकांनी ताईंची बाजू घेतली होती, पण बाहेर पडताना जिन्यात हळूच म्हणाले होते, “पेरून चार वर्षं झाली, ताई. एखादा कोंब तरी दिसू दे.”

ताईंनी नंतर पाळकांना सांगितलं की उठायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. काळजी खरी होती. मंगळवारी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि या मंडळीत देवाला सांगायचं म्हणजे उभं राहून, मोठ्याने, पाच भाषांत. दुसरी रीत ताईंना गेल्या पंधरा वर्षांत लागली नव्हती. पण उठताना आणखी एक गोष्ट मनात होती, तीही त्यांनी लपवली नाही. शिवणवर्गाकडे अखेर सांगण्यासारखं काहीतरी होतं.

त्या म्हणाल्या, “शिवणवर्गातली एक भगिनी मोठ्या संकटात आहे. परवा सकाळी ती आपल्या लहान लेकीला घेऊन घर सोडणार आहे. प्रवास सुखरूप व्हावा, त्या वेळी घरातल्या माणसाची नजर बांधलेली राहावी, म्हणून विनंती. तिचे कागद आपल्याकडे सुरक्षित आहेत, त्याबद्दल प्रभूची स्तुती.”

“आमेन,” पाळक म्हणाले.

पहिल्या तीन दुभाष्यांनी सांगून टाकलं. चौथा उठला तो वायरमन. पाचव्या भाषेतून मंडळीत आलेला हा एकटाच संसारी पुरुष. त्याच्या मागे त्याची बायको आणि चार म्हाताऱ्या, एवढाच त्या भाषेचा गट. त्याने तोंड उघडलं आणि तो थांबला. पाळकांना वाटलं, शब्द अडला. मग त्याने सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, आणि खाली बसून डोळे मिटले. त्रेचाळीस माणसांनी एकदम प्रार्थना केली. आवाज इतका चढला की खालचा टायरवाला नेहमीप्रमाणे जिन्यात येऊन बघून गेला.

शुक्रवारी पिशवी कपाटात ठेवून ताई काजवालीच्या खोलीवर गेल्या. साडेसात वाजले होते. दाराला कुलूप होतं. शेजारीण नळावर होती.

“काल गेले की,” ती म्हणाली. “चारच्या सुमाराला. टेंपो आणला होता. नवरा होता, तो त्याचा मोठा भाऊपण होता. रविवारी येणार होता ना तो? आधीच आला.”

“पोरगी?”

“शाळेच्या कपड्यांवरच. बूटसुद्धा काढले नव्हते.”

“आणि ती?”

“पुढे बसली. मधे. एका बाजूला नवरा, एका बाजूला दीर.” शेजारणीने बादली सरकवली. “मला म्हणाली, गॅस बंद केलाय का बघशील? मी म्हटलं, अगं कुलूप लावलंस, मी बघू कुठून? तर तो हसला.”

“कोण?”

“नवरा. फार हसतमुख आहे हो माणूस.”

वायरमन दुपारी टायरच्या दुकानात पंखा बसवत होता. ताई शिडीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

“खाली ये.”

“दोन स्क्रू राहिलेत, ताई.”

“खाली ये म्हणते.”

तो उतरला. वर्गातल्या बायका एव्हाना जिन्यात जमल्या होत्या. ताईंनी त्याला दुकानाच्या मागे नेलं, रचलेल्या टायरांच्या आड.

“वेल्डरला तू सांगितलंस?”

“हो.” त्याने लपवलं नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर, चांगली बातमी ऐकायला आलेल्या माणसाची उत्सुकता होती. “गुरुवारी. दुपारच्या सुट्टीत. त्याच्या कामाच्या शेडवर गेलो होतो.”

“का?”

“भांडण लावायला नाही गेलो. मिटवायला गेलो. ताई, मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमच्या माणसांनी माझ्या घरचं पाणी बंद केलं. माझ्या दारात कोण येत राहिलं? तो एकटा. रोज चहाला यायचा. त्याचं घर मोडतंय हे ऐकून मी गप्प बसायचं?”

“ते तुला ऐकवलं होतं ते प्रार्थनेसाठी.”

“नुसती प्रार्थना करून घरी जाऊ नका, उठून कामाला लागा, हे कोण म्हणतं दर रविवारी? लग्न मोडू नये हे कुणी शिकवलं मला? मी आलो तेव्हा मला काय माहीत होतं, ताई? तुम्ही लोकांनीच शिकवलंत.”

ताईंनी विचारलं, “काय सांगितलंस त्याला?”

“म्हटलं, बायको शुक्रवारी जातेय, तिला जाऊ देऊ नकोस. तिच्याशी बोल. हात उचलत असशील तर सोड. त्याने वचन दिलं. रडला हो! माझ्याबरोबर गुडघे टेकले त्याने, तिथे शेडमध्ये, सगळ्यांसमोर. मग मालकाला सांगून लवकर घरी गेला. मला वाटलं, माफी मागायला.”

“तिची बोटं बघितली होतीस?”

“दार लागलं होतं ना?” वायरमन म्हणाला. मग त्याने ताईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालू लागला. तो खिशात जाईना.

पाळकांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “तुम्ही नाव घेतलं नव्हतं ना?”

“नाही.”

“म्हणजे नियम मोडलेला नाही.”

“नाही, पाळकसाहेब. नियम जसाच्या तसा आहे.”

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कदाचित समेट झालाही असेल. तो रडला म्हणता ना?”

“मी नाही म्हणत. तुमचा दुभाषा म्हणतो.”

पाळकांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. त्याच संध्याकाळी ते ताईंबरोबर चौकीत आले. तिथल्या हवालदाराने वही उघडली आणि पेन हातात घेतलं. चांगलं बोलला तोही.

“तुम्ही तिच्या कोण?”

“शिवण शिकवते.”

“नातं काही?”

“नाही.”

“हे?”

“पाळक. मंडळीचे.”

“ती मंडळीतली?”

“नाही,” पाळक म्हणाले.

हवालदाराने पेनाला टोपण लावलं. “बाई, नवऱ्याबरोबर गेली, मुलीला घेऊन गेली, दिवसाढवळ्या गेली. मग हरवली कशी? तिच्या माहेरचं कोणी असेल तर पाठवा.”

मावशीचा पत्ता ताईंकडे नव्हता. कुठल्या गावाला उतरणार हे बसच्या पाटीवरून कळत होतं. त्यापुढचं त्यांनी विचारलं नव्हतं.

शनिवारी वर्ग नसतो. ताई गठ्ठ्यांचा हिशेब लावत एकट्या बसल्या होत्या. साडेअकराला वेल्डर जिना चढून आला. चपला त्याने दाराबाहेर काढल्या. दाढी केलेली होती.

“नमस्कार, बाई. पोरीचे कागद न्यायला आलो.”

“कुठे आहे ती?”

“आहे.”

“आणि तिची आई?”

“तीही आहे. जिथं असायला पाहिजे तिथं आहेत दोघी.” तो दाराजवळच्या मशीनवर टेकला. “कागद द्या, मी चाललो. मला पुन्हा गाडी पकडायची आहे.”

“माझ्याकडे कागद नाहीत,” ताई म्हणाल्या.

तो हसला. शेजारीण म्हणाली ते खरं होतं, हसू चांगलं होतं. “तुमच्यात खोटं चालतं का, बाई?”

ताईंनी हिशेबाची वही मिटली.

“बुधवारी तुम्ही त्रेचाळीस माणसांना सांगितलंत, कागद आमच्याकडे आहेत म्हणून. देवाचे आभारसुद्धा मानलेत. मी चव्वेचाळिसावा. मला सांगायला लाज वाटते?”

“तिला फोन लावून दे. ती म्हणाली तर देते.”

“म्हणजे आहेत.” त्याने मशीनच्या चाकावरून बोट फिरवलं. “तिचं मशीन कुठलं?”

“सगळ्यांचं सगळं असतं.”

“फार चांगली काजं करायची,” तो म्हणाला, आणि ‘करायची’ हा शब्द ताईंनी पाळकांना त्या दिवशी तीनदा सांगितला. मग तो उठला. “राहू द्या. कागद काय, दुसरे निघतात.” बाहेर जाऊन त्याने सावकाश चपला घातल्या. जिन्यावरून त्याने पाटी वाचली असावी, कारण तो तिथे क्षणभर थांबला होता.

सोमवारी वर्गात दहा बायका आल्या. ताईंनी प्रार्थना केली नाही. सुई ओवायला वेळ मिळाला नाही म्हणून कुणी तक्रार केली नाही. थोरलीने काजांचा गठ्ठा आपल्यापुढे ओढला आणि तीन शर्ट बिघडवून ठेवले. जाताना ती ताईंना म्हणाली, “आम्हा दहाजणींना माहीत होतं, ताई, की तिच्या घरचं दार कुठलं ते. चार वर्षं माहीत होतं. कुणी कुणाला बोललं नाही.”

मंगळवारी सहाजणी आल्या.

बुधवारी सभेआधी कार्यकारिणी बसली. नियमात भर घालण्यात आली: विनंती करताना नावाबरोबरच दिवस, वेळ आणि मुलांची संख्याही सांगू नये. ठराव एकमताने झाला आणि चार भाषांत वाचून दाखवण्यात आला. पाचव्या भाषेची खुर्ची रिकामी होती. वायरमन आला नव्हता. त्याची बायको आली होती, ती शेवटच्या बाकावर म्हाताऱ्यांच्या मागे बसली.

विनंत्या सुरू झाल्या. एकाचा गुडघा, एकीच्या सुनेचं बाळंतपण. मग पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ काठी टेकत उठले. “मागच्या बुधवारच्या त्या भगिनीचं काय झालं? आम्ही नवराबायको घरीही रोज प्रार्थना करतोय. उत्तर मिळालं का?”

पाळकांनी ताईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ताई उभ्या राहिल्या.

“प्रवास झाला,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तीन दुभाष्यांनी ते तीन भाषांत सांगितलं. “स्तुती असो,” म्हातारे म्हणाले. मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. एका भाषेत सांगायचं राहिलं होतं म्हणून वायरमनची बायको उठली, तिने पाचव्या भाषेत म्हाताऱ्यांना काहीतरी सांगितलं. ते दोन शब्दांपेक्षा पुष्कळ लांब होतं. त्या चौघींनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तेव्हापासून काजवालीचा फोन बंद आहे. खोली घरमालकाने दुसऱ्यांना दिली. आत एक स्टूल आणि मुलीच्या वह्या मिळाल्या, त्या शेजारणीने ठेवून घेतल्या. वेल्डर शेडवर परतलेला नाही. वायरमन दोनदा मुलीच्या आजीच्या गावी जाऊन आला. आजी दारात आली, पाणी दिलं, आणि म्हणाली की इथे कुणीच आलेलं नाही.

या सोमवारी, म्हणजे बस सुटल्याला सतरा दिवस झाल्यावर, सकाळी अकरा वाजता ताई शाळेच्या कचेरीत गेल्या. कारकुनाने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण त्याची सून वर्गात येते. पहिल्या दाखल्याखाली दुसऱ्याची नोंद होती. मूळ दाखला प्रवासात गहाळ झाल्याने दुय्यम प्रत दिली, अर्जदार वडील, सही वडिलांची. तारीख मागच्या गुरुवारची. पुढचा रकाना मुलगी कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत जाणार याचा होता. तो कोरा आहे.